हार्डवेअर क्रमांकन-दोष व त्यांची दुरुस्ती

प्रोसेसर, इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारा इशारा), डिस्क, नेटवर्क कार्ड अशा प्रत्येक हार्डवेअर घटकाला ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा असलेले कर्नल एक क्रमांक देते आणि पुढचा सगळा व्यवहार त्या क्रमांकावर चालतो. हा क्रमांक भलत्याच घटकाला लागला, दोन घटकांना एकच लागला किंवा दर बूटला बदलू लागला, की त्याला हार्डवेअर क्रमांकन-दोष म्हणतात. पुढील विवेचन मुख्यतः लिनक्स कर्नलचे आहे. त्याचा सोर्स कोड खुला असल्यामुळे असे दोष आणि त्यांवरचे पॅच (दुरुस्तीचे बदल) कोणालाही मुळापासून वाचता येतात.

एकाच घटकाला एकाहून अधिक क्रमांक असणे हे या दोषांचे मूळ. एक्स८६ (इंटेल व एएमडी घराण्याच्या) संगणकातल्या एका प्रोसेसरला एपिक आयडी, म्हणजे इंटरप्ट पोहोचवणाऱ्या हार्डवेअरमधला क्रमांक असतो, फर्मवेअरच्या (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) एसीपीआय तक्त्यात, म्हणजे हार्डवेअरची माहिती कर्नलला देणाऱ्या तक्त्यात, त्याचा वेगळा यूआयडी असतो आणि कर्नलचा स्वतःचा, शून्यापासून सुरू होणारा तिसरा क्रमांक असतो. एपिक आयडी सलग असतीलच असे नाही. त्याच्या काही बिट चिपचा, काही कोअरचा व काही थ्रेडचा निर्देश करतात. सहा कोअर मोजायला तीन बिट लागतात आणि तीन बिटांत आठ जागा होतात, म्हणून दोन जागा रिकाम्या राहतात. जो कोड हे क्रमांक सलग धरतो किंवा तिन्हींपैकी एक दुसऱ्याच्या जागी वापरतो, तो आज ना उद्या कुठल्या तरी यंत्रावर फसतो.

एआरएम चिपवरील इंटरप्टांचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. तिथल्या गिक या इंटरप्ट कंट्रोलरमध्ये ० ते १५ क्रमांक प्रोसेसरांनी एकमेकांना द्यायच्या इशाऱ्यांसाठी, १६ ते ३१ प्रत्येक प्रोसेसरच्या खासगी इंटरप्टांसाठी आणि ३२ पासून पुढचे सामायिक उपकरणांसाठी असतात. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या उपकरणांचे वर्णन कर्नलला देणाऱ्या तक्त्यात, मात्र सामायिक इंटरप्ट पुन्हा शून्यापासून मोजून लिहायचा असतो. चिपच्या मॅन्युअलमध्ये आय-टू-सी (चिपांना जोडणारी एक साधी बस) कंट्रोलरचा इंटरप्ट ७७ छापला असेल, तर डिव्हाइस ट्रीत ४५ लिहावे लागते. तिथे सरळ ७७ लिहिले की कर्नल त्यात ३२ मिळवून १०९ या इंटरप्टची वाट पाहत बसते. काही मॅन्युअलांत ३२ आधीच वजा केलेले असतात आणि काहींत नसतात, त्यामुळे सावध माणसाचाही इथे गोंधळ उडतो. लक्षणेही फसवी असतात. ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) बिनतक्रार लोड होतो आणि पहिल्याच देवाणघेवाणीला टाइमआउट येतो. अशा वेळी इंटरप्टांचा तक्ता उघडून त्या ओळीची मोजणी पाहावी. ती शून्यावरच अडकलेली असेल, तर संशय आधी क्रमांकावर घ्यावा. १०९ वर दुसरेच उपकरण सतत इशारे देत असेल तर उलटे घडते. सुमारे १,००,००० इंटरप्टांपैकी ९९,९०० हून अधिक बेवारस निघाले, म्हणजे कोणत्याच ड्रायव्हरने ते आपले म्हटले नाहीत, की कर्नल ती लाइनच बंद करून टाकते.

यावर ड्रायव्हरमध्ये ‘वजा ३२’ लिहून मोकळे होणे हा वाईट उपाय आहे. तोच ड्रायव्हर दुसऱ्या चिपवर चालतो आणि तिथे तो वजाबाकीमुळेच बिघडतो. चूक डिव्हाइस ट्रीतली असेल तर डिव्हाइस ट्रीच सुधारावी. हार्डवेअरच्या क्रमांकावरून कर्नलचा क्रमांक काढण्याचे काम लिनक्समध्ये इंटरप्ट डोमेन या यंत्रणेकडे सोपवले आहे आणि ते तिथेच राहिले पाहिजे.

शून्य हा क्रमांक आहे की ‘काहीच नाही’ची खूण, हा वादही जुना आहे. लिनक्समध्ये आता शून्य म्हणजे ‘इंटरप्ट नाही’ असा संकेत आहे. इंटरप्ट मागणारी फंक्शने चूक झाल्यास ऋण संख्या परत देतात. ती संख्या चिन्हरहित (ऋण संख्या न मानणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये साठवली, तर ‘शून्याहून लहान आहे का’ ही तपासणी कधीच खरी ठरत नाही आणि एक प्रचंड, निरर्थक क्रमांक पुढे जातो. दुरुस्ती एका शब्दाची असते, पण असे पॅच वेगवेगळ्या ड्रायव्हरांत पुन्हा पुन्हा करावे लागले आहेत.

प्रोसेसरांच्या बाबतीत मोजणी आणि क्रमांक यांची गल्लत होते. ० ते ३ अशा चार प्रोसेसरांपैकी १ क्रमांकाचा बंद ठेवला, तर चालू प्रोसेसर तीन उरतात. ‘शून्यापासून तीन फेऱ्या’ असे लूप ०, १ आणि २ यांना भेट देते. म्हणजे ते बंद प्रोसेसरला हात लावते आणि चालू असलेल्या ३ ला वगळते. इथे चालू प्रोसेसरांच्या मास्कमधूनच (कोणते चालू आहेत ते दाखवणाऱ्या बिटांमधूनच) फिरावे लागते. अ‍ॅरेचा आकारही प्रोसेसरांच्या संख्येवरून नव्हे, तर सर्वांत मोठ्या संभाव्य क्रमांकात एक मिळवून ठरवावा.

कधी चूक फर्मवेअरची असते. जुन्या पीसीचा टायमर इंटरप्ट ० वर येत असे, पण आयओ-एपिकवर (उपकरणांचे इंटरप्ट प्रोसेसरांकडे नेणाऱ्या कंट्रोलरवर) तो बहुधा २ क्रमांकाच्या पिनेला जोडलेला असतो आणि हा फरक बायोसने एसीपीआय तक्त्यात सांगायचा असतो. एनफोर्स-२ चिपसेटच्या काही बोर्डांवर ही माहितीच चुकीची होती. ती नोंद दुर्लक्षित करण्यासाठी कर्नलला वेगळा बूट पर्याय द्यावा लागला. असे अपवाद त्या-त्या बोर्डापुरतेच मर्यादित ठेवणे महत्त्वाचे, नाहीतर योग्य माहिती देणारी यंत्रे विनाकारण बिघडतात.

नेटवर्क कार्ड व डिस्क यांचे क्रमांक सापडण्याच्या क्रमाने लागतात. बूट लवकर व्हावे म्हणून उपकरणे समांतर शोधली जाऊ लागली, तसा हा क्रम आणखी बेभरवशाचा झाला. काल ईथ० असलेले कार्ड आज ईथ१ होऊ शकते. लिनक्समध्ये सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडी या प्रोग्रॅमच्या, जानेवारी २०१३ मध्ये आलेल्या १९७ व्या आवृत्तीपासून कार्डाला त्याच्या जागेवरून नाव देण्याची सोय झाली. उदाहरणार्थ, ईएनपी३एस० म्हणजे पीसीआय बस ३, स्लॉट ०. पण नवे कार्ड बसवल्यावर बसचे क्रमांकही सरकू शकतात, त्यामुळे ही नावेही अढळ नाहीत. डिस्कच्या बाबतीत फाइल सिस्टीमच्या यूयूआयडीवर (तिच्यातच साठवलेल्या एकमेव ओळखक्रमांकावर) विसंबणे त्याहून भक्कम.

क्रमांक दुरुस्त करताना सर्वांत मोठी अडचण जुन्या वापरकर्त्यांची असते. चुकीचा क्रमांक वर्षानुवर्षे दिसत राहिला, तर लोकांच्या स्क्रिप्ट त्यालाच धरून लिहिलेल्या असतात आणि युजरस्पेस (कर्नलबाहेरचे प्रोग्रॅम) मोडायचे नाही हा लिनक्सचा कडक नियम आहे. डिसेंबर २००३ मधल्या २.६ आवृत्तीत डिव्हाइस क्रमांक १६ बिटांवरून ३२ बिटांवर नेले. मेजरला (ड्रायव्हर दाखवणाऱ्या भागाला) ८ ऐवजी १२ आणि मायनरला (त्यातले नेमके उपकरण दाखवणाऱ्या भागाला) ८ ऐवजी २० बिट मिळाल्या. हे करताना मायनरच्या खालच्या आठ बिट होत्या तिथेच ठेवल्या आणि मायनरच्या वाढीव बिट मेजरच्याही वर बसवल्या, म्हणून जुने क्रमांक जसेच्या तसे चालू राहिले. क्रमांकनाच्या दुरुस्तीचा याहून नेटका नमुना सापडणे कठीण.

दोष कोणत्या बदलाने शिरला ते गिट बायसेक्टने, म्हणजे कोडच्या इतिहासाचे निम्मे-निम्मे भाग तपासणाऱ्या साधनाने, शोधतात. प्रत्येक चाचणीला निम्मे बदल बाद होतात, त्यामुळे हजार बदलांत साधारण दहा चाचण्या पुरतात. सापडलेल्या कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) हॅशची, म्हणजे त्याच्या ओळखक्रमांकाची, निदान पहिली १२ अक्षरे पॅचमधल्या ‘फिक्सेस’ ओळीत देतात, म्हणजे जुन्या स्थिर आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना तो पॅच कुठे लावायचा ते कळते. चाचणीसाठी दुर्मीळ यंत्र हाताशी असावेच लागते असे नाही. क्यूईएमयू या आभासी यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तीन किंवा सहा कोअरचा आभासी प्रोसेसर उभा करता येतो आणि चालू यंत्रावर मधलाच एखादा प्रोसेसर बंद करून ड्रायव्हर पुन्हा लोड करता येतो.