रेड डॉट साइट, स्वस्त बनावटीची

रेड डॉट साइट : बंदुकीवर बसवायचे, नेम धरण्याचे विजेवर चालणारे साधन. मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणण्याऐवजी नेमबाज काचेत दिसणारा लाल ठिपका लक्ष्यावर टेकवतो. ठिपका काचेवर उमटलेला नसतो. तळाशी बसवलेल्या एलईडीचा प्रकाश वक्र भिंगाच्या लेपावर आपटून समांतर किरणांनी डोळ्यात येतो, म्हणून तो दूर लक्ष्यापाशी असल्याचा भास होतो. लेप लाल तेवढे परत फिरवतो, बाकी प्रकाश पार जातो. त्यामुळे स्वस्त साइटमधून पलीकडचे सगळे जरा निळसर दिसते. परावर्तित खुणेवर नेम धरण्याचे तत्त्व आयरिश दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली मांडले; विजेवर चालणारी पहिली रेड डॉट साइट स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये आणली.

नागपुरात स्वस्त साइट बहुतेक छर्‍याच्या बंदुकीवरच चढते. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, हे त्याचे साधे कारण. १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल स्पर्धांची तयारी करणाऱ्यांना मात्र तिचा उपयोग नाही; आंतरराष्ट्रीय नियमांत या प्रकारांना अशी साइट चालत नाही.

ठिपक्याचा आकार एमओएमध्ये, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात सांगतात. १ एमओए म्हणजे १०० मीटरवर २९ मिमी, १० मीटरवर २.९ मिमी. स्वस्त साइटचा ठिपका ४ एमओएचा असेल तर १० मीटरवर तो ११.६ मिमी जागा झाकतो. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिमीचे असते. बारीक नेमासाठी ही साइट नाही, हे इथेच कळते. ‘पॅरलॅक्स फ्री’, म्हणजे डोळा हलला तरी नेम हलत नाही, हा दावाही जपून घ्यावा. किरण अगदी समांतर असले तरी डोळा मध्यापासून जेवढा सरकेल तेवढा छर्रा सरकतो. २० मिमी व्यासाच्या काचेत ही चूक १० मिमीपर्यंत जाते, आणि भिंग ओबडधोबड असेल तर त्याहून जास्त.

विश्वासार्हता म्हटली की लोक आधी ठिपक्याचा उजेड पाहतात. खरा प्रश्न साइट झिरो, म्हणजे एकदा जुळवून ठेवलेला नेम, धरते का, हा आहे. इथे बंदुकीचा प्रकार निर्णायक ठरतो. नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये दट्ट्या पुढे सुटताच बंदूक मागे जाते आणि दट्ट्या टोकाला आदळला की पुढे झटका बसतो. आतील भाग एकाच दिशेच्या धक्क्यासाठी बसवलेले असतील तर हा उलटा झटका त्यांना सैल करतो : एलईडीचा सांधा निखळतो, बॅटरीची पत्ती उडून ठिपका लुकलुकतो, समायोजनाचा स्क्रू घरंगळतो. त्यामुळे धक्का अगदीच हलका दिसत असूनही स्प्रिंगची बंदूक स्वस्त साइटची खरी वैरी. हवा आधीच भरून ठेवणाऱ्या पीसीपी रायफलवर तीच साइट बरीच टिकते.

दुसरा दोष माउंटचा, म्हणजे साइट बंदुकीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा. एअर रायफलवर सहसा ११ मिमीची डोव्हटेल (तिरप्या कडांची पट्टी) असते, तर साइटसोबत येणारा माउंट पिकॅटिनी रेलसाठी (आडव्या खाचांच्या रुंद पट्टीसाठी) असतो. त्या रेलची खाच ५.२३ मिमी, तशाच वीव्हर नावाच्या रेलची ४.५७, म्हणून वीव्हरचा आडवा बोल्ट पिकॅटिनीत बसतो, उलटे होत नाही. मध्ये अॅडॉप्टर घातला की सैल होण्याची आणखी एक जागा तयार होते. बसवताना स्क्रू आणि आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब द्यावा आणि चोवीस तास थांबावे. थेंब प्लॅस्टिकला लागू देऊ नये, ते तडकते. साइटच्या बारीक स्क्रूंना साधारण १५ इंच-पौंड (१.७ न्यूटन-मीटर) आवळण्याचा जोर पुरतो. अॅल्युमिनियमच्या आट्यांवर जोर काढला की आटे जातात आणि साइट भंगारात.

मग उन्हाळा. नागपूरचा पारा २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर गेला होता, आणि नवतपात बंद गाडीतले तापमान त्याच्याही बरेच वर जाते. लाल एलईडी तापली की मंद होते. नेमका त्याच वेळी बाहेरचा उजेड सर्वात प्रखर, त्यामुळे भर दुपारी ठिपका दिसेनासा होतो. म्हणजे प्रखरता वाढवावी लागते आणि बॅटरीचा हिशेब बिघडतो. सीआर२०३२ या नाण्यासारख्या चपट्या बॅटरीमध्ये सुमारे २२० मिलिअँपियर-तास असतात. डब्यावर ५०,००० तास लिहिले असतील तर साइटने ४.४ मायक्रोअँपियरच ओढायला हवेत, जे सर्वात मंद पायरीवरच शक्य. वरच्या पायरीवर २ मिलिअँपियर गेले की ११० तासांत खेळ संपला. बॅटरी बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळते. मात्र मुलांनी गिळू नये म्हणून कडू लेप दिलेल्या बॅटऱ्या काही साइटमध्ये नीट संपर्क देत नाहीत. कड अल्कोहोलने पुसली की बहुधा काम होते.

पावसाळ्यात उघड्या एलईडीवर एक थेंब पडला तरी ठिपका फुटतो किंवा नाहीसा होतो. बंद नळीच्या साइटला ही अडचण नसते, पण आत नायट्रोजन भरून सील पक्के केलेले नसेल तर वातानुकूलित खोलीतून जुलैच्या दमट हवेत आणल्यावर काच आतूनही धुकटू शकते. बाहेरचे धुके पुसता येते. आतले दिसले तर सील गेलेले समजावे. डब्यावरचे आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकण्याची खूण. हा दावा दर्जेदार साइट पाळते, बाकीच्यांचा छापील असतो.

विकत घेतल्यावर परीक्षा अशी घ्यावी. रायफल टेकवून १० मीटरवर पाच छर्‍यांचा गट काढावा. मग समायोजनाचा स्क्रू २० क्लिक (टकटक वाजणाऱ्या पायऱ्या) वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, प्रत्येक टप्प्यावर एक गट. १ एमओएच्या क्लिकने प्रत्येक बाजू ५८ मिमी यायला हवी आणि शेवटचा गट पहिल्यावर पडायला हवा. चौकोन वाकडा आला तर दोष साइटचा. गटच पसरले तर आधी माउंट आणि छर्रा बदलून पाहावा. त्यानंतर दोनशे छर्रे मारून झिरो पुन्हा तपासावा. ठिपका चांदणीसारखा फुटलेला दिसला तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघावे : तिथे तो गोल असेल तर साइट निर्दोष, दृष्टिवैषम्य आपल्या डोळ्यात. या कारणाने साइट परत करणारे बरेच असतात.

बंदूक ठेवून देताना बॅटरी काढून ठेवावी, आणि खाच-माशी कापून टाकू नये.