साका लगेच बसतो, मग यीस्टला का वेळ लागतो?

घरी केलेल्या जिंजर बिअरची, म्हणजे आलं आणि साखर यीस्टने आंबवून केलेल्या फसफसत्या पेयाची, बाटली उजेडाकडे धरून परवा भाची म्हणाली, "मामा, खाली घाण बसलीय. ओतून देऊ?" घाण नव्हती ती. नीट पाहिलं तर थर दोन होते. अगदी तळाशी पांढरा, खडूसारखा. त्यावर मऊ, पिवळसर, बाटली जरा हलली की धुरासारखा वर उठणारा.

पांढरा थर आल्यातल्या स्टार्चचा. सातारी आलं किसून पिळा आणि रस ठेवून द्या. पंधरा-वीस मिनिटांत साका खाली बसतो. आलेपाक करणाऱ्या बायका वरचा रस निथळून घेतात, मगच पातेलं गॅसवर चढवतात. हा क्रम अगदी शास्त्रशुद्ध आहे. स्टार्चचा कण साधारण 20 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि पाण्याच्या दीडपट जड, त्यामुळे तो मिनिटाला 6 मिलिमीटर तरी खाली जातो. पण एकदा तापला की फुगतो, त्याची खळ होते आणि मग गढूळपणा हटत नाही. किसलेलं आलं थेट साखरपाण्यात उकळलं की तिथेच घोटाळा होतो.

वरचा थर यीस्टचा, आणि खरी गंमत त्याच्यात आहे. यीस्टची पेशी 5-6 मायक्रॉनची, भोवतीच्या द्रवापेक्षा जेमतेम आठ-दहा टक्के जड. जॉर्ज स्टोक्स यांनी 1851 मध्ये मांडलेल्या नियमानुसार कण बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. त्या हिशोबाने एकटी पेशी तासाला 4 मिलिमीटरच उतरते, आणि वर येणारे बुडबुडे तेवढंही होऊ देत नाहीत. पेशींचा दहापट व्यासाचा घट्ट गोळा झाला, तर मात्र वेग शंभरपट होतो.

गोळा कसा होतो? यीस्टच्या पेशीभित्तिकेवर फ्लोक्युलिन नावाची प्रथिनं असतात. ती हातांसारखी शेजारच्या पेशीवरची मॅनोज शर्करेची साखळी पकडतात. या पकडीला कॅल्शियमचे आयन लागतात; ते नसतील तर हात असून उपयोग नाही. बिअरच्या बहुतेक यीस्टमध्ये आणखी एक खुबी आहे. द्रवात ग्लुकोज, माल्टोज आहे तोवर ते रेणूच या हातांत अडकून बसतात, म्हणून पेशी सुट्या तरंगतात आणि साखर खात राहतात. साखर संपली की हात मोकळे होतात, पेशी एकमेकींना धरतात आणि ढगच्या ढग खाली बसतात. फ्लोक्युलिनची जनुकं सगळ्या वाणांत सारखी काम करत नाहीत. बेकरीचं यीस्ट सहसा नीट गोळा होत नाही, म्हणून त्याची जिंजर बिअर दुधी राहते. बिअरसाठीचं यीस्ट वापरलं तर निम्मं काम तिथेच होतं.

घाई करून अर्धवट आंबलेलं बाटलीत भरलं तर गाळ वाढणारच. फसफस थांबली की भांडं दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवा. थंडीने द्रव उलट दाट होतो, म्हणजे कण हळू बसायला हवेत. पण यीस्ट सुस्तावतं, बुडबुडे थांबतात, आणि तो फायदा कितीतरी मोठा असतो. मग नळीचं तोंड तळापासून दोन बोटं वर धरून वरचं निवळ तेवढं काढून घ्या.

पेय नासलं की "घरात कुणाची पाळी होती का?" असं अजूनही विचारलं जातं. दाभोलकरांच्या साताऱ्यात हे ऐकताना वाईट वाटतं. नासवतात ते न धुतलेल्या नळीतले जिवाणू. पाळीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

बाटलीत गॅस धरायला लिटरमागे 5-6 ग्रॅम साखर घालतात. ती खाताना यीस्ट थोडं वाढतंच, म्हणून कागदाएवढा थर घरच्या बिअरलाही चुकत नाही. बाटली सोड्याची प्लॅस्टिकची घ्यावी. दाबून कडक लागली की लगेच फ्रीजमध्ये, उभी. यात थोडं अल्कोहोल असतं, लहान मुलांना देऊ नये. ओतताना बाटली एकदाच तिरपी करायची, मध्ये सरळ करायची नाही, आणि तो धुरासारखा पट्टा मानेशी आला की थांबायचं.