माइंडस्टॉर्म्सचा वेग कसा मोजत आले?

खोक्यावर छापलेला चिपचा वेग पाहून रोबो एकामागून एक आलेल्या आज्ञा किती भराभर उरकेल, हे सांगता येत नाही. लेगोच्या माइंडस्टॉर्म्स या रोबो बांधायच्या संचांनी हे पहिल्या पिढीपासून दाखवून दिले.

१९९८ मध्ये आलेली पिवळी आरसीएक्स वीट, म्हणजे रोबोचा छोटा संगणक, ही एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या प्रयोगांची वारसदार. तिच्यात हिताचीची ८ बिटांची, १६ मेगाहर्ट्‌झची चिप होती. संगणकावरून तिला आज्ञा मिळे ती मात्र इन्फ्रारेडमधून, सेकंदाला २४०० बिट या गतीने. त्यात खोलीतल्या उजेडाने घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येक बाइटमागोमाग त्याचा उलटा बाइट पाठवला जाई. ‘आवाज कर’ एवढी साधी आज्ञा घ्या. सुरुवातीचे ३ बाइट, मग आज्ञा, आवाजाचा क्रमांक आणि बेरीज-तपासणी (चूक पकडण्यासाठी जोडलेली बाइटांची बेरीज), हे तिन्ही आपापल्या उलट्या बाइटसह. एकूण ९ बाइट, आणि सुरुवात-शेवटाच्या खुणा व तपासणीचा बिट धरून बाइटमागे ११ बिट, म्हणजे सुमारे ४१ मिलिसेकंद. विटेकडून येणारी पोच, म्हणजे ‘आज्ञा मिळाली’ हे उत्तर, आणखी ३२ मिलिसेकंद खाते. चिप कितीही चपळ असली तरी पोचेची वाट पाहत सेकंदाला १३ आज्ञांपुढे जाता येत नाही.

इथे मोजणाऱ्याची हमखास फसगत होई. तीच आज्ञा लागोपाठ दोनदा आली, की वीट दुसरी पाळतच नसे. पोच हरवल्यामुळे संगणकाने ती पुन्हा पाठवली असावी, असा तिचा समज. म्हणून दर वेळी आज्ञेतला एक बिट उलटवावा लागे. हे बारकावे बाहेर आले ते स्टॅनफर्डच्या केकोआ प्राउडफूट यांनी विटेचे अंतरंग उकलून मांडल्यामुळे.

विटेत आधीच उतरवलेल्या प्रोग्रॅमचा हिशेब निराळा. तो बाइटकोडमध्ये, म्हणजे चिपला थेट न कळणाऱ्या मधल्या भाषेत असे आणि फर्मवेअर, म्हणजे विटेतले मूळ सॉफ्टवेअर, एकेक आज्ञा वाचून पाळे. मूळ टायमर सेकंदाचा दहावा भागच मोजत असल्याने एका आज्ञेचा वेळ पकडणे अशक्यच. मग तीच आज्ञा लूपमध्ये हजार वेळा चालवायची, रिकाम्या लूपचा वेळ वजा करायचा आणि हजाराने भागायचे. मार्कुस नोगा यांच्या लेगओएस या पर्यायी फर्मवेअरने हा बाइटकोडच काढून टाकला आणि प्रोग्रॅम थेट चिपच्या भाषेत चालवला.

२००६ च्या एनएक्सटी या पुढच्या पिढीच्या विटेत ४८ मेगाहर्ट्‌झची एआरएम चिप आणि ब्लूटूथ आले. पण ब्लूटूथला ऐकण्यावरून बोलण्यावर यायला सुमारे ३० मिलिसेकंद लागत. त्यामुळे ‘पोच नको’ असे आज्ञेतच सांगण्याची सोय लेगोने ठेवली होती. आकडे लगेच सुधारत, फक्त मोजला जाई तो आज्ञा पाठवण्याचा वेग, पाळण्याचा नव्हे.