थँक्सगिव्हिंगसाठी घरी पाळलेली टर्की

अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सणाला भाजलेली टर्की (कोंबडीसारखा पण बराच मोठा पक्षी) लागतेच, आणि तिथले बरेच छोटे शेतकरी दरवर्षी थोड्याशा टर्की स्वतः वाढवून, स्वतःच्याच अंगणात कापून-साफ करून ओळखीच्या गिऱ्हाइकांना विकतात, त्या जोडधंद्याची ही माहिती. (आपल्याकडे टर्की फारशी कोणी पाळत नाही. पोर्तुगीजमध्ये या पक्ष्याला चक्क पेरू म्हणतात.)

सगळा हिशोब तारखेवरून उलटा मोजायचा. 1941 च्या कायद्याने सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी ठरला, म्हणजे 22 ते 28 च्या मधे कधीतरी. ब्रॉड ब्रेस्टेड व्हाइट ही रुंद छातीची पांढरी जात, मादी 14-16 आठवड्यांत आणि नर 18-20 आठवड्यांत तयार होतो, म्हणून पिल्लं जुलैत आणतात. नवीन माणूस हौसेने मे महिन्यातच आणतो आणि मग नोव्हेंबरपर्यंत नर साफ करूनही 15 किलोच्या वर जाऊ शकतो, तो घरच्या ओव्हनमध्ये मावत नाही आणि गिऱ्हाईक नाराज. बर्बन रेड, नॅरागॅन्सेट अशा जुन्या जातींना मात्र 6-7 महिने लागतात, त्यांची पिल्लं एप्रिल-मेमध्येच हवीत. पांढरी जात छातीने इतकी जड झालीय की तिला नैसर्गिक जोडी लावता येत नाही, कृत्रिम रेतन करावं लागतं. त्यामुळे पिल्लं दरवर्षी हॅचरीतूनच (अंडी उबवणाऱ्या केंद्रातून), तीही एक दिवसाची, पोस्टाने येतात.

पहिला आठवडा सगळ्यात नाजूक. दिव्याखाली साधारण 35 अंश उब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पिल्लांना पाणी कुठे आहे तेही कळत नाही, प्रत्येकाची चोच बुडवून दाखवावी लागते, पाण्यात चकचकीत गोट्या टाकल्या की ती टोचायला येतात आणि आपोआप पितात. खाद्य कोंबडीच्या पिल्लांचं चालत नाही, सुरुवातीला 28 टक्के प्रोटीन लागतं. आणि कोंबड्यांसोबत अजिबात ठेवू नयेत. कोंबडीच्या पोटातल्या जंतावाटे ब्लॅकहेड रोग येतो, कोंबडीला विशेष काही होत नाही पण टर्कीचा अख्खा कळप जाऊ शकतो.

खरी कसोटी कापणीच्या दिवशी. आदल्या रात्रीपासून खाद्य बंद, पाणी चालू. पक्ष्याला शंकूसारख्या नळकांड्यात उलटं धरून गळ्याची शीर कापतात, त्यात तो फडफडत नाही, पंख मोडत नाहीत, आणि माझ्या मते पाळलेल्या जिवाला एवढी शांतता देणं हे आपलं कर्तव्यच आहे. मग 60-65 अंशाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवायचं (जास्त गरम झालं की कातडी फाटते), पिसं काढायची, आतडी न फुटता बाहेर काढायची आणि लगेच बर्फाच्या पाण्यात 4 अंशांपर्यंत गार करायचं. गार केल्यावर एक दिवस तरी तसंच राहू द्यावं, घाईने फ्रीझरमध्ये टाकलं तर मांस चिवट होतं.

कायदाही बघावा लागतो. स्वतःच्या शेतावर वाढवलेले वर्षाला 1,000 पर्यंत पक्षी कापायला सरकारी इन्स्पेक्टर रोज उभा लागत नाही, पण माल राज्याबाहेर विकता येत नाही, स्वच्छता पाळावीच लागते, आणि काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत. ताजी म्हणून विकायची तर पक्षी उणे 3.3 अंशांच्या खाली गेलेला नसावा.

भावात सुपरमार्केटशी बरोबरी होत नाही, कारण सणाला ती दुकानं गिऱ्हाईक ओढायला गोठवलेली टर्की तोट्यातही विकतात. म्हणून शेतकरी उन्हाळ्यातच बुकिंग आणि ॲडव्हान्स घेतो, पैसे मात्र वजनावर. नेमकं वजन आधी सांगता येत नाही म्हणून लहान, मध्यम, मोठी एवढंच विचारून ठेवतात, आणि सणाच्या दोन-चार दिवस आधी लोक बर्फाचा डबा घेऊन शेतावर आले की तिथेच काट्यावर ठेवून बाकीचा हिशोब पुरा करतात.