आजोबा अचानक बरळू लागले तर

मिरजेला खुब्याचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आजोबा ‘जनावरांना वैरण टाकायचीय’ म्हणत सलाईन उपटायला लागतात. घरचे म्हणतात, भूल उतरली नाही. भुलीचा वाटा असतोच. पण हाड मोडलं, चिरफाड झाली, की जंतू नसतानाही शरीरात दाह सुरू होतो आणि उतारवयात त्याचे पडसाद मेंदूत जास्त जोरात उमटतात.

याला कारण मायक्रोग्लिया, मेंदूतल्या संरक्षक पेशी. स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ साली त्या वेगळ्या ओळखल्या. गर्भावस्थेतच त्या मेंदूत शिरतात. पुढे रक्तातून नवी भरती जवळपास होत नाही, त्याच सावकाश विभागून संख्या राखतात. वर्षानुवर्षं कचरा गिळता गिळता न पचलेला भाग त्यांच्यातच साठतो. चेतापेशींकडून येणारे ‘शांत राहा’ हे संकेतही वयानं कमी होतात. मग राखेखालच्या निखाऱ्यासारख्या त्या धुमसत राहतात.

तरुणपणी फ्लू झाला की इंटरल्युकिन-१ बीटासारखी दाहाची रसायनं मेंदूत थोडी वाढतात. अंग मोडून येतं, जेवण नकोसं होतं, दोन-चार दिवसांत सगळं ओसरतं. म्हातारपणी हेच जास्त प्रमाणात घडतं आणि लांबतं. जंतूंच्या भित्तिकेतला अंश टोचलेल्या उंदरांमध्ये म्हातारे उंदीर तरुणांपेक्षा उशिरा सावरले, असं २००५ मध्ये दिसलं.

माणसांत याचं रूप म्हणजे डिलिरियम, अचानक उडणारा मनाचा गोंधळ. विसरभोळेपणाचा आजार महिन्या-वर्षांनी वाढतो. डिलिरियम मात्र काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो, कमी-जास्त होतो, बहुधा रात्री बळावतो. घरी तपासायला सोपी युक्ती: वार उलटे म्हणायला सांगा. शनिवार, शुक्रवार, गुरुवार... एरवी सहज म्हणणारा माणूस मध्येच हरवला, तर लक्ष टिकत नाहीये. बडबडणारा रुग्ण निदान कळतो तरी. गप्प पडून राहणारा, घास तोंडात धरून झोपणारा सुटून जातो, आणि तो काही कमी आजारी नसतो.

‘वय झालं’ म्हणून सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. न्यूमोनियातही म्हाताऱ्यांना १०२ ताप येईलच असं नाही. १०० अंश, किंवा नेहमीपेक्षा २ अंश फॅरनहाइट जास्त, म्हणजे ताप समजा. श्वास, ऑक्सिजन, साखर, सोडियम, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ पाहावं लागतं. जत-आटपाडीच्या मे महिन्यात पाणी कमी पडणं हे एकच कारणही पुरतं, कारण वयानं तहान मंदावते.

लघवीच्या रिपोर्टवर मात्र लगेच विसंबू नये. वयस्क बायकांच्या लघवीत त्रास नसतानाही जंतू सापडतात. तेवढ्यावर अँटिबायोटिक सुरू झालं की खरं कारण तसंच राहतं. झोपेच्या गोळ्या, क्लोरफेनिरामिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या गोंधळ वाढवतात. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, मेडिकलमधून परस्पर आणलेलीसुद्धा.