मिनिटाला हजार शब्द, तेही सगळे समजून?

‘मनातल्या मनात शब्द उच्चारणं थांबवा, नजर पानाच्या मधोमध सरळ खाली उतरवा, मिनिटाला हजार शब्द वाचाल आणि सगळं लक्षातही राहील.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो पटतोही, कारण सराईत वाचक खरोखरच भरभर पानं उलटताना दिसतात.

अडचण डोळ्याच्या रचनेत आहे. अक्षरं अगदी स्पष्ट दिसतात ती नजरेच्या मध्यावरच्या जेमतेम 2 अंशांत. हात लांब केल्यावर अंगठ्याची रुंदी दिसते, साधारण तेवढाच हा भाग. म्हणून डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारतो आणि प्रत्येक थांब्यावर सुमारे पाव सेकंद टेकतो. मिनिटाला झाले 240 थांबे. हजार शब्द गाठायचे तर दर थांब्याला चारहून जास्त शब्द टिपायला हवेत. प्रत्यक्षात एखाददुसराच नीट वाचता येतो. बाकीचे गाळले जातात. याला चाळणं म्हणतात, आणि पुस्तक निवडताना ते उपयोगीच असतं.

मनातला उच्चार दाबला, तर अवघड वाक्याचा अर्थ आधी निसटतो.

पडताळायचं असेल तर अनोळखी विषयावरचे, सारख्याच काठिण्याचे 1000 शब्दांचे दोन उतारे घ्या. एक नेहमीसारखा, दुसरा ‘वेगवान’ पद्धतीने वाचा. प्रत्येक वेळी पुस्तक मिटून आठवेल ते लिहा, मग ताडून पाहा. बहुपर्यायी प्रश्न मात्र नकोत. त्यांची उत्तरं न वाचताही अंदाजाने जमतात.

सराईतांचा वेग येतो तो शब्दसंग्रहातून आणि विषयाच्या ओळखीतून.