केनेविकचा पूर्वज आणि मॉर्मनांचा ग्रंथ

मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाचा पवित्र ग्रंथ 'बुक ऑफ मॉर्मन' 1830 साली न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावी छापला गेला. त्याच्या 1981 च्या आवृत्तीला एक प्रस्तावना जोडली गेली. ग्रंथातले लामानी लोक हे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे 'प्रमुख पूर्वज' आहेत, असं त्यात म्हटलं होतं. 2006 साली डबलडे प्रकाशनाने काढलेल्या आवृत्तीतून 'प्रमुख' हा शब्द गेला आणि लामानी 'पूर्वजांपैकी' एक झाले. तोवर मूळ अमेरिकनांच्या डीएनएवर वीसेक वर्षं काम झालेलं होतं.

ग्रंथ सांगतो, की इ.स.पू. 600 च्या सुमारास लेही नावाचा माणूस कुटुंबकबिला घेऊन जेरुसलेमहून निघाला, समुद्र ओलांडून अमेरिकेत उतरला आणि त्याच्या वंशजांची मोठमोठी राष्ट्रं झाली; लामानी हे त्यांतलेच. या राष्ट्रांत घोडे आहेत, पोलाद आहे. प्रत्यक्षात तिथले घोडे सुमारे 10 हजार वर्षांपूर्वी नामशेष झाले आणि 1493 मध्ये कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत जहाजातून परत आले. लोखंड गाळणारी कोलंबसपूर्व भट्टी तर एकही सापडलेली नाही. हे आक्षेप जुनेच आहेत. मला त्याहून जास्त रस आहे तो तंतुकणिकांत.

तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, शाळेत शिकलेलं पेशीचं ऊर्जाकेंद्र. तिच्यात स्वतःचा छोटासा गोलाकार डीएनए असतो, साधारण 16,569 अक्षरांचा. तो फक्त आईकडून येतो. आजीकडून आईला, आईकडून मुलीला अशी त्याची नक्कल होत जाते आणि क्वचित कधी एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या सगळ्या लेकींना मिळते. समजा, एका बाईत चूक झाली. तिच्या दूरच्या पणतीत दुसरी झाली. आता ज्यांच्यात दोन्ही चुका आहेत, ते सगळे त्या पणतीच्या शाखेतले. ज्यांच्यात पहिलीच आहे, ते त्याआधी फुटलेल्या शाखांतले. अशा चुकांवर चुका रचत एक झाड उभं राहतं. त्याच्या मोठ्या फांद्यांना अक्षरांची नावं दिलेली आहेत.

मूळ अमेरिकनांत ए, बी, सी, डी आणि एक्स या फांद्या सापडतात. पहिल्या चारांची जवळची भावंडं सायबेरियात आणि पूर्व आशियात आहेत. एक्स मात्र पश्चिम आशियातही आहे. हाच लेहीच्या कुटुंबाचा पुरावा, असं ग्रंथाच्या काही समर्थकांना वाटलं. पण नुसतं अक्षर जुळून भागत नाही, डहाळी पाहावी लागते. अमेरिकेतल्या एक्सची मुख्य डहाळी 'एक्स-2-ए'. तिची ओळख ठरवणाऱ्या चुका पश्चिम आशियात मिळत नाहीत. आणि 1996 साली वॉशिंग्टन राज्यात, केनेविकजवळ कोलंबिया नदीच्या काठी एक सांगाडा सापडला, सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा. 2015 मध्ये त्याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचला गेला, तेव्हा त्यात हीच डहाळी निघाली. म्हणजे लेही निघण्याच्या जवळपास 6 हजार वर्षं आधी ती अमेरिकेत होती.

पंथाने 2014 मध्ये यावर लेख प्रसिद्ध केला. लेहीची मंडळी मूठभर होती, मोठ्या लोकसंख्येत त्यांची खूण पुसली गेली असेल, असा त्याचा रोख आहे. यात तथ्य आहे. ज्या बाईला फक्त मुलगे होतात, तिची मातृरेषा तिथेच संपते. पण ग्रंथच शेवटच्या कुमोरा युद्धात एका बाजूचे 2 लाख 30 हजार पडल्याचं सांगतो. एवढी प्रजा आणि मूळ अमेरिकनांच्या संपूर्ण जीनोममध्ये मागमूस नाही?

मूठभरांची खूण उरते कशी, हे आपल्या कोकणात दिसतं. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, आपल्या शनिवार तेल्यांची, परंपरा. 2016 च्या अभ्यासात त्यांच्या जीनोममध्ये भारतीय वाट्याबरोबर ज्यू वाटाही स्पष्ट दिसला. ते आपापसांत लग्नं करत आले, त्याचा हातभार त्यात आहेच. पण ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं उदाहरण पाहा: 2015 मध्ये तिथल्या सुरुई आणि करितियाना लोकांत ऑस्ट्रेलिया-पापुआच्या मूळ रहिवाशांशी नातं सांगणारा अवघा 1 ते 2 टक्के वाटा पकडला गेला. इतक्या बारीक चाळणीतही जेरुसलेम येत नाही.

कोणी कशावर श्रद्धा ठेवावी, हा माझा विषय नाही. पण कोण कोणाचा पूर्वज, हा दावा तपासता येतो आणि तपासायलाच हवा. 19 व्या शतकात अमेरिकेतल्या गोऱ्या वसाहतवाल्यांचा एक लाडका समज होता, की ओहायो-मिसिसिपी खोऱ्यांतले प्रचंड मातीचे ढिगारे 'इंडियनां'ना जमणारेच नाहीत, ते कुठल्यातरी लुप्त वंशाने बांधले. 1894 मध्ये सायरस थॉमसच्या अहवालाने तो खोडला. लेहीची कथा त्याच वातावरणात लोकांसमोर आली. अशा समजांनी जिवंत माणसांचे पूर्वज हिरावून घेतले, याचा मला राग येतो.

केनेविकच्या सांगाड्याला तिथल्या जमाती पहिल्यापासून आपला पूर्वज म्हणत होत्या. काही शास्त्रज्ञांनी ते मानलं नाही आणि प्रकरण अनेक वर्षं कोर्टात राहिलं. 2015 च्या जीनोमने जमातींची बाजू खरी ठरवली. फेब्रुवारी 2017 मध्ये पाच जमातींच्या लोकांनी मिळून त्याला पुन्हा मातीत ठेवलं, जागा गुप्त राखून.